पानलक्ष्मीचं ऊन

फार पूर्वीची गोष्ट आहे. राजा हत्तीवरून फिरायचा आणि निरोप माणसाच्या पायांनी चालत जायचे, त्या काळची. एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एकच पीक होतं, विड्याचं पान. कुणी दुसरं काही पेरलं तर लोक त्याला हसायचे.

पानवेल मोठी नाजूक बरं का. तिला कडक ऊन सोसत नाही, वारा सोसत नाही, आणि पायात वहाणा घालून कुणी मळ्यात शिरलेलं तर मुळीच खपत नाही. म्हणून त्या गावाने वेलींसाठी दाट झाडं लावली, मळ्याभोवती गवताचे उंच कूड बांधले. भर दुपारीसुद्धा मळ्यात दिवेलागणीइतकाच उजेड असायचा. पान मात्र असं कोवळं निघायचं की राजाला त्या पानाशिवाय जेवण पुरं झाल्यासारखं वाटत नसे. गावाला त्याचा केवढा अभिमान होता.

आता चांगल्या गोष्टीचा अतिरेक कसा होतो ते ऐका. वेलीला सावली मानवते, हे गावाला पक्कं ठाऊक होतं. मग कुणा शहाण्याने ठरवलं की वेलीला सावली हवी, तर पान खुडणाऱ्या हातालाही ती हवीच. उन्हातल्या हाताने खुडलं तर पान कडू होतं म्हणे. कुणी चाखून पाहिलं होतं का? नाव नको. पण आजोबांनी सांगितलं, त्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितलं, आणि होता होता त्याचं व्रत झालं.

व्रत असं होतं. गावातल्या एका लेकीला नाहीतर सुनेला तीन वर्षांसाठी पानलक्ष्मी करायचं. राजाची पानं तिनेच खुडायची, आणि त्या तीन वर्षांत तिच्या अंगाला ऊन लागता कामा नये. तिच्या घरापासून मळ्यापर्यंत वाटेवर बांबूच्या तट्ट्यांचा मांडव घातलेला असायचा. त्याच्याखालून जायचं, त्याच्याखालून यायचं, उरलेला वेळ घरात बसायचं. गाव सोडून जायचं नाही, अगदी माहेरीसुद्धा नाही. तीन वर्षं भरली की माघी पौर्णिमेला सगळ्या गावासमोर तिला विचारायचं, आणखी तीन वर्षं सावली पाळशील का. ती हो म्हणाली की पुन्हा तीच, पण सहा वर्षांवर कुणाला ठेवायचं नाही. ती नाही म्हणाली आणि दुसरं कुणी पुढे आलं नाही, तर मळ्याच्या थोरल्याने, म्हणजे मळ्यांचा आणि पाण्याचा कारभार पाहणाऱ्याने, आपल्या घरातली मुलगी द्यायची. पण ही वेळ कधी आलीच नव्हती, कारण आजवर एकही पानलक्ष्मी नाही म्हणाली नव्हती. सहा वर्षं झाल्यावरच तिची सुटका व्हायची.

त्या गावात ठकूआई नावाची एक विधवा म्हातारी राहायची. ताठ मानेची, फटकळ, एकदा बोलली की बोलली. तरुणपणी ती स्वतः सहा वर्षं पानलक्ष्मी होती. तिचा एकुलता एक मुलगा रावजी, आणि त्याची बायको मैना.

ही मैना लग्न होऊन आली तेव्हा काय होती म्हणून सांगू! बोलायला लागली की ऐकणारा दमायचा. दळताना बेसूर गायची आणि कुणी हसलं तर आणखी मोठ्याने गायची. कासाराशी बांगड्यांच्या रंगावरून भांडायची, भाजी आवडली नाही तर तोंड वेंगाडायची. विहिरीवर ती हसली की चार घरं पलीकडे कळायचं, मैना पाण्याला गेली आहे. ठकूआई कपाळाला हात लावायची, पण शेजारणींना सांगताना तिच्या तोंडावर हसू असायचं.

तरी माणसाला मानाची हाव असतेच. पानलक्ष्मी निवडायची वेळ आली तेव्हा ठकूआई स्वतः उठून मळ्याच्या थोरल्याकडे गेली. थोरले म्हणजे दाजीबा, तिचे चुलत दीर. हा मान आमच्या घरात पुन्हा येऊ दे, असं तिने त्यांना सांगितलं. मैनाला काही ते नको होतं. ती म्हणालीही की आत्याबाई, मला घरात कोंडून बसवत नाही. पण सासूने हट्ट धरला आणि सुनेने ऐकलं.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी मैना गायची थांबली. तिसऱ्या वर्षी तिच्या तोंडात दोनच शब्द उरले, ‘बरं’ आणि ‘चालेल’. भाकरी करू की भात? चालेल. रावजी महिनाभर बाजारपेठेला जाऊन येतो म्हणाला. बरं. एकदा ठकूआई आमटीत मीठ घालायलाच विसरली, तर मैनाने ती तशीच खाल्ली आणि ताट उचलून मोरीत ठेवलं. सकाळी उठायची ती दमलेलीच उठायची.

आणि गाव काय म्हणालं? गाव म्हणालं, सून असावी तर अशी. काय शांत, काय सोशिक, कशाला म्हणून नाही म्हणत नाही. सासवा आपापल्या सुनांना सांगायला लागल्या, जरा मैनाकडे बघा. ठकूआईची मान आणखी ताठ झाली. विझत चाललेल्या पोरीला गुणी म्हणण्याची चूक त्या गावात पिढ्यान् पिढ्या चालली होती, आणि ठकूआईनेही तीच केली.

मार्गशीर्ष महिना संपत आला होता. एका दुपारी मैनाचा भाऊ दोन दिवस चालून आला. धाकट्या बहिणीचं, गोदीचं, लग्न ठरलं होतं. फाल्गुनातली तिथी होती. माघी पौर्णिमेला तुझी तीन वर्षं भरतात, तर तू ये, गोदी तुझ्याशिवाय बोहल्यावर चढायची नाही म्हणते, असं त्याने सांगितलं. ही गोदी मैनाच्या कडेवर वाढली होती. तिची वेणीसुद्धा मैना सासरी निघाली त्या सकाळपर्यंत मैनानेच घातली होती.

मैना म्हणाली, “बरं.”

तू येशील ना, असं भावाने पुन्हा विचारलं. आत्याबाई म्हणतील तसं, ती म्हणाली, आणि आत जाऊन भिंतीला टेकून बसली. नवरा कोण, गाव कोणतं, काही विचारलं नाही.

भाऊ जेवता जेवता उठला. ओसरीवर येऊन ठकूआईला म्हणाला, “मावशी, माझ्या बहिणीला काय झालं?”

“काही नाही रे. शांत झाली आहे आता.”

“शांत नाही झाली, मावशी. विझली आहे,” तो म्हणाला.  उपरण्याने डोळे पुसत तो तसाच वाटेला लागला.

ठकूआईला त्या दिवशी घास गोड लागला नाही. ती परसात जाऊन बसली आणि तिला आपली सहा वर्षं आठवली. त्याच वर्षांत तिचा नवरा गेला होता. सगळं गाव रडलं, तिच्या डोळ्यांतून एक टिपूस आलं नाही. गाव म्हणालं, केवढी धीराची बाई. ती मनातून घाबरली होती की आपण माणूस आहोत की पाटा-वरवंटा. मग सहा वर्षं संपली. पहिल्याच उन्हाळ्यात ती गावाबाहेरच्या कातळावर कुरडया-पापड वाळत घालायला गेली आणि महिनाभर राखण करत तिथेच बसली. एका सकाळी, कावळे हाकता हाकता, दोन वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्यासाठी ती ढसाढसा रडली. त्या रात्री तिला कितीतरी दिवसांनी पोटभर झोप लागली, आणि दुसऱ्या दिवशी भूक लागली.

इतकी वर्षं तिला वाटत होतं, काळ गेला आणि दुःख हलकं झालं. आता ती एकेक गोष्ट जोडत गेली. आपल्या आधीची पानलक्ष्मी कशी होती? अशीच. तिच्या आधीची? तशीच. दुसऱ्या वर्षी गप्प, तिसऱ्या वर्षी दगड, आणि सुटका झाल्यावर वर्ष-सहा महिन्यांनी माणसात. नाही म्हणायचं बळच ज्यांच्यात उरलं नव्हतं, त्या सभेत नाही कशा म्हणणार? आणि मैनाने पौर्णिमेला ‘बरं’ म्हटलं की आणखी तीन वर्षं. बहिणीचं लग्न गेलं, आणि पोर परत येईल की नाही याचाही भरवसा नाही.

आणि तिला पुढे कुणी ढकललं होतं? आपणच. ठकूआईने पदर खोचला.

दुसऱ्या दिवशी सूर्य कासराभर वर आल्यावर तिने घोंगडी काखेत मारली, मैनाचा हात धरला आणि मांडव सोडून सरळ उघड्या वाटेने निघाली. “चल, कातळावर बसायचं आहे,” एवढंच म्हणाली. मैना म्हणाली, “बरं.” तिला अंगणात फाशी द्यायला नेलं असतं तरी ती बरंच म्हणाली असती.

कातळावर पाऊल ठेवल्याबरोबर मैनाने दोन्ही हातांनी डोळे झाकले. इतका उजेड तिने तीन वर्षांत पाहिला नव्हता. ठकूआईने तिला सूर्याकडे पाठ करून बसवलं, स्वतः शेजारी बसली, आणि सावली पावलाभर सरकेपर्यंत उठू दिलं नाही. नंतर मैना नेहमीसारखी मळ्यात गेली आणि तिने राजाची पानं खुडली.

तुम्ही म्हणाल, पहिल्याच दिवशी पोरगी हसली असेल. छे! हसायला ती काय दिव्याची वात होती, की काडी लावली आणि पेटली? दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. आठव्या दिवशी काही झालं नाही. पालथ्या घड्यावर पाणी. ठकूआई मात्र रोज सकाळी घोंगडी काखेत मारायची. ढग आले तरी जायची. रावजी म्हणाला, आई, आज ऊन कुठे आहे? ती म्हणाली, आभाळ आहे ना, तेवढं पुरे. थंडी वाजली की दुसरी घोंगडी घ्यायची. आणि ऊन चढून चटके बसायला लागले की उठायची. अतिरेकाने काय होतं ते तिच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक होतं?

गाव थोडंच गप्प बसतं? पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, ठकूआईच्या कुरडया संपल्या, आता सून वाळवायला घातली आहे. तिसऱ्याच दिवशी दाजीबा घरी आले. माणूस वाईट नव्हता, पण भित्रा होता. राजाचं पान बिघडलं तर पहिली मान त्याची.

“वहिनी, हे काय चालवलंय तुम्ही? व्रत मोडलंत. पान कडू झालं तर गावाचं काय होईल?”

“दाजीबा, वेलीला सावली लागते हे मला तुझ्याआधीपासून माहीत आहे,” ठकूआई म्हणाली. “पण माझी सून वेल नाही.”

दाजीबांनी समजावलं, चिडले, शेवटी म्हणाले, सुनेला उद्यापासून घरात ठेवलं नाहीत तर तुमच्या मळ्याच्या पाटाला पाणी मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी सासू-सुना कातळावर गेल्या आणि पाटाचं पाणी बंद झालं. मैनाला मात्र ते मधेच काढू शकत नव्हते, तीन वर्षं पुरी व्हायची होती. आणि व्रत मोडल्याचं राजवाड्यावर कळवायची तर त्यांची छातीच नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून ते गप्प राहिले. राजाच्या पानांची करंडी पूर्वीसारखीच चार दिवसांनी एकदा जात राहिली.

रावजीच्या वेली माना टाकायला लागल्या. आई, गावाशी वैर घेऊन कसं चालेल, असं तो म्हणाला. ठकूआईने घागर उचलली आणि नदीवर गेली. साठी ओलांडलेल्या आईला घागरीने वेलींना पाणी घालताना बघून रावजीला लाज वाटली. त्याने तिच्या डोक्यावरची घागर उतरवून घेतली, आणि पुढचा महिनाभर पहाटे उठून नदीचं पाणी वाहिलं. सगळ्या वेली काही वाचल्या नाहीत. दोन वाफे करपलेच.

ठकूआईला भीती वाटत नव्हती असं समजू नका. पंधरा दिवस झाले, अठरा झाले, पौर्णिमा जवळ येत होती, आणि मैना तशीच घोंगडीवर बसायची, सांगितलं की उठायची. आपण उगाच पोराचा मळा वाळवतो आहोत की काय, असं म्हातारीच्या मनात येऊन जायचं. मग ती स्वतःलाच दटावायची. तीन वर्षं मी हिला अंधारात बसवलं, आता अठरा दिवसांत दमले म्हणू? ऐकावं जनाचं, करावं मनाचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घोंगडी.

बाविसाव्या दिवशी सगळे जेवायला बसले होते. मैनाने भाताचा घास घेतला, थांबली, आणि कपाळाला आठी घालून म्हणाली, “आमटी अळणी आहे.”

ठकूआईच्या हातातली पळी तशीच राहिली. रावजीने घास खाली ठेवला. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा मैनाला काहीतरी आवडलं नव्हतं. ठकूआईने मिठाचा डबा घेतला, आनंदाच्या भरात चमचाभर घातलं, विसरून आणखी चमचाभर घातलं, आणि ती आमटी कुणालाच खाता आली नाही. अशी फुकट गेलेली आमटी त्या घरात कधी कुणाला इतकी गोड लागली नसेल.

त्यानंतर हळूहळू तक्रारी सुरू झाल्या. इथे दगड टोचतो, पलीकडे बसू. ही घोंगडी खाजते. शेजारच्या शेळीने वाटेत पदर ओढला तेव्हा मैनाने तिला दोन शिव्या हासडल्या. मधे तीन दिवस आभाळ भरून आलं आणि ती पुन्हा गप्प झाली. चौथ्या दिवशी ऊन पडलं. मैना स्वतःच दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “आत्याबाई, उशीर होतोय.”

पौर्णिमेला दहा-बारा दिवस उरले असतील. कातळावर बसल्या बसल्या मैनाने एकाएकी विचारलं, “गोदीचा नवरा कोण आहे हो?”

ठकूआईने सांगितलं, तिला भावाकडून कळलं होतं तेवढं. मैना ऐकत राहिली आणि ऐकता ऐकता तिला हुंदका फुटला. दादा दोन दिवस चालून आला आणि मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही, असं म्हणून ती रडत राहिली. ठकूआईने तिला रडू दिलं. मग म्हणाली, “पोरी, तुला मी पुढे केलं होतं. मानासाठी. चुकले मी.”

“चुकलात,” मैना म्हणाली. तिने तोंड पुसलं, आणि थोड्या वेळाने ती सरकून सासूला टेकून बसली. त्या दिवशी दोघी नेहमीपेक्षा उशिरा घरी आल्या.

माघी पौर्णिमा आली. देवळाच्या सभामंडपात सगळं गाव जमलं. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मधे चौरंगावर ओटीचं ताट. ठकूआई खांबाला टेकून बसली होती. तिने घरून निघताना मैनाला काही पढवलं नव्हतं. आपण सांगायचं आणि तिने म्हणायचं, तर मग तो सगळा खटाटोप कशासाठी केला, असं तिला वाटत होतं. 

दाजीबांनी ताट उचललं आणि ठरलेले शब्द विचारले. आणखी तीन वर्षं सावली पाळशील का?

मैना उभी होती. सवयीने तिचे ओठ हलले, आणि ठकूआईला वाटलं, आता ती ‘बरं’ म्हणणार.

“नाही,” मैना म्हणाली.

 दाजीबांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी पुन्हा विचारलं.

“नाही म्हणाले, मामंजी. पानं मी खुडीन. हातात कसब आहे, ते कुठे जात नाही. पण सावली पाळणार नाही. पुढच्या महिन्यात माझ्या बहिणीचं लग्न आहे, मी तिकडे जाणार आहे.”

“उन्हातल्या हाताने खुडलेलं पान राजाला कडू लागलं म्हणजे?” दाजीबांचा आवाज चढला.

“मी दीड महिना उन्हात बसते आहे,” मैना म्हणाली. “दीड महिना राजा माझ्याच हातची पानं खातो आहे. करंड्या तुम्ही स्वतः पाठवल्यात. एक तरी परत आली का?”

 चार दिवसांनी एक, अशा दहा-अकरा करंड्या दाजीबांनी आपल्या हाताने बांधून दिल्या होत्या. दर वेळी जीव मुठीत धरून वाट पाहिली होती. आणि दर वेळी वाड्यावरून एकच निरोप यायचा, पान उत्तम, पुढची करंडी पाठवा.

पण माणूस लाजला की लगेच शहाणा होतो असं नाही. दाजीबांनी ताट दुसरीकडे फिरवलं. ही नाही म्हणते तर दुसरी कोण पुढे येते, त्यांनी विचारलं. बायकांनी माना खाली घातल्या. सासवांनी सुनांकडे बघितलं, पण आज एकीलाही आपल्या सुनेचं नाव घ्यायचा धीर होईना. मैना तीन वर्षांपूर्वी कशी होती, गेल्या वर्षी कशी होती आणि आज कशी उभी आहे, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

कुणीच पुढे येईना. तेव्हा नियम उरला तो शेवटचा, थोरल्याने आपल्या घरातली मुलगी द्यायची.

दाजीबांना एकच मुलगी होती, सतरा वर्षांची, चंद्री. ती मागच्या रांगेत मैत्रिणींबरोबर बसली होती. तिला तर नियम आठवतही नव्हता. मैत्रीण कानात काहीतरी बोलली आणि ती तोंडावर हात दाबून खुदकन हसली. दाबलं तरी ते हसू सगळ्या मंडपाला ऐकू गेलं.

दाजीबांनी ते ऐकलं. ताट हातात घेऊन ते मुलीकडे बघत उभे राहिले.  दुसऱ्याच्या पोरीची तीन वर्षं मागताना त्यांना कधी जड गेलं नव्हतं, पण आता ते ताट त्यांना पेलवेना.

“वहिनी,” ते शेवटी म्हणाले, “चंद्री अशीच हसत राहिली पाहिजे.”

“मग ताट खाली ठेव,” ठकूआई म्हणाली.

दाजीबांनी ताट खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः माणसं बोलावून वाटेवरचा मांडव सोडवला. दुपारी ठकूआईच्या पाटाला पाणी आलं. वेलींची सावली मात्र कुणी हलवली नाही, ती वेलींच्या कामाची होती. राजाची पानं मैना आणि आणखी चारजणी पाळीपाळीने खुडायला लागल्या. आपलं पान कुणाच्या कसल्या हाताने खुडलं जातं याची राजाला शेवटपर्यंत गंधवार्ता नव्हती. तो आपला पान चघळत राहिला. फाल्गुनात मैना बहिणीच्या लग्नाला गेली आणि ठरल्यापेक्षा आठ दिवस जास्त राहून आली.

पुढे त्या गावात एक रीत पडली. मळ्यात शिरायच्या आधी सगळ्यांनी घटकाभर कोवळ्या उन्हात बसायचं, बायकांनी, पुरुषांनी, म्हाताऱ्यांनीसुद्धा. उन्हाने सगळे रोग बरे होतात असं मी म्हणत नाही. मोडलेलं हाड वैद्यच बसवतो, आणि दुःख असलं तर ते असतंच. पण त्या गावातल्या माणसांना झोप चांगली लागायला लागली, भूक लागायला लागली, आणि दुःख झालं तर रडू यायला लागलं. गावात बोलणं वाढलं, हसणं वाढलं, सुनांची भांडणंही वाढली. गाव बिघडलं म्हणणारे दोन-चार होते. तेही सकाळी कातळावर चांगली जागा मिळावी म्हणून लवकर यायचे.

तेव्हा लक्षात ठेवा: पिकाला जे मानवतं ते माणसाला मानवेलच असं नाही, आणि माणसाचं मन जिवंत राहायला रोज थोडं ऊन लागतंच.